हंसेसाठी भरलेली काडतुसे

“कपाळात एकच बार, आणि तो पंचेचाळीसचा,” रिसालदार मालोजीराव जगदाळे म्हणाले. “तिला समजायच्या आत सगळं आटपेल.”

“समजायच्या आत?” फौजदार बाबालाल मुजावर हसले. “तुमची पंचेचाळीस सुटली की आधी तुमचा हात आभाळाकडे जातो, रिसालदार. गोळी कुठं गेली ते मागाहून शोधावं लागतं. अडतीस घ्या. हलकी, सरळ, बघाल तिथं लागणार.”

“तुमच्या अडतिसानं घोडी मरायची नाही, मियाँ. तिला खाज सुटेल.”

हा संवाद चालला होता त्या वेळी ती घोडी त्या दोघांच्या पायांशी आडवी पडलेली होती, आणि तिचे मस्तक मांडीवर घेऊन माझे मामा बसले होते. दसऱ्याचा तिसरा प्रहर होता. देवतळ संस्थानच्या सीमोल्लंघनाच्या माळावर आपट्याची पाने सर्वत्र विखुरलेली होती. स्वारी पुढे निघून गेली होती आणि दूरवर तिचे नगारे ऐकू येत होते.

घोडीचे नाव हंसा. ती सर्वांगाने पांढरी, संस्थानच्या निशाणाची घोडी. स्वारीच्या अग्रभागी निशाण घेऊन चालण्याचा मान तिचा होता. तिची निगा राखणारे मोतद्दार म्हणजे सोनबामामा. मानमोडीच्या साथीत माझे आईवडील गेल्यावर ज्यांनी मला लहानाचे मोठे केले, ते हेच. त्यांना मूलबाळ नव्हते. एक मी होतो आणि एक हंसा होती. आणि आम्हा दोघांत अधिक लाडके कोण, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते.

घडले ते असे. सरकारांनी, म्हणजे आमच्या राजेसाहेबांनी, आपट्याच्या फांदीवर तलवारीचा पहिला वार केला, सोने लुटण्यास लोक धावले, आणि त्याच क्षणी गढीवरून तोफ झाली. हंसा दरवर्षी हे सर्व शांतपणे सोशीत असे. त्या वर्षी कोणी तरी तिच्या डोळ्यांसमोरून फांदी फरफटत नेली. ती बिथरून मागे सरली, चुना मळण्याच्या जुन्या घाण्याच्या चरात तिचा मागचा पाय गेला, आणि निशाणासकट ती कोसळली. उठण्याचा यत्न तिने केला, पण तो पाय अंगाखालून निघेना.

सरकारांनी घोड्यावरूनच पाहिले. देवीचे दर्शन होईपर्यंत स्वारीने थांबावयाचे नाही, असा संस्थानचा दंडक होता.

“तिचे हाल नकोत,” सरकार म्हणाले. “तुम्ही दोघे जाणते आहात. काय ते उरका.”

संस्थानचा शालिहोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, लढाईवर गेला होता. तेव्हा रिसालदारांनी वाकून पाय चाचपला आणि ते म्हणाले, “मोडला.” फौजदारांनीही चाचपला आणि तेही म्हणाले, “मोडला.” हे दोन पुरुष कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेले मी तोवर पाहिले नव्हते.

त्यांच्या मतभेदाचे स्वरूप येथे सांगितले पाहिजे. पंचेचाळीस आणि अडतीस ही रिव्हॉल्वरच्या नळीची मापे. आकडा मोठा तितके तोंड रुंद आणि गोळी जड. रिसालदार हे मागील महायुद्धात घोडदळाच्या रिसाल्यात होते आणि पंचेचाळीस ही त्यांची निष्ठा होती. फौजदारांनी पुण्यास पोलिसांचे शिक्षण घेतले होते आणि अडतीस हे त्यांचे तत्त्व होते. सिलेखाना, म्हणजे संस्थानचे शस्त्रागार, तेथे मी कामास होतो. सिलेखान्याच्या ओट्यावर रोज सकाळी हे दोघे चहा घेत आणि हाच एक विषय बोलत. रिसालदारांनी मेसोपोटेमियात पंचेचाळीसने एक तुर्क पाडला होता, असे ते सांगत. फौजदारांचे म्हणणे असे, की तो तुर्क आवाजाने दचकून पाय घसरून पडला. या तुर्काच्या मृत्यूवर मी कितीएक सकाळी वाद ऐकला आहे.

लढाईमुळे विलायती काडतुसे येईनाशी झाली, तेव्हा झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे काम मजकडे आले. पुंगळीच्या बुडातील फुटकी टोपी काढून तेथे नवी बसवावयाची, आत दारू तोलून घालावयाची, आणि साच्यात ओतलेली शिशाची गोळी वरून दाबून बसवावयाची. चाप ओढला की पोलादी टोचा टोपीवर आदळतो, टोपी ठिणगी देते, ठिणगीने दारू पेटते. या साखळीतील एक कडी जरी कच्ची राहिली, तरी सर्व श्रम व्यर्थ. मी मराठी पाचवीपर्यंतच शिकलो होतो. तथापि हे काम मला पोथी वाचावी तसे वाटे. एकही अक्षर गाळून चालत नाही.

“लिंगोजी, खरं सांग,” रिसालदार मला विचारीत, “भरताना हाताला भारी कोण लागतं?”

“वजनाने पंचेचाळीसच, साहेब.”

“ऐका, मियाँ!”

“आणि दारू कमी कुणाला लागते रे?” फौजदार विचारीत.

“अडतिसाला, साहेब.”

“ऐका, रिसालदार! लढाईच्या दिवसांत दारू वाचवणारा शहाणा की उधळणारा?”

“मग गोफण वापरा. मुळीच दारू लागत नाही.”

त्या वर्षी नवरात्राचे घट बसण्याच्या दिवशी दोघेही आपली नव्याने भरलेली काडतुसे माझ्याकडून मागून घेऊन गेले. रिसालदार म्हणाले, “यंदा नऊ दिवस देवीच्या पायांशी ठेवतो. खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की पिस्तुलात घालीन. मग बघू कुणाची अडतीस पुढं येते.” फौजदारांनी ते ऐकले. ते म्हणाले, “मग माझीही पिराच्या चादरीखाली राहतील. आमचे वाडवडील त्या दर्ग्याचे मुजावर. पीर काही देवीपेक्षा कमी ऐकत नाही.” दसऱ्याच्या सकाळी दोघांच्याही कमरेला भरलेली रिव्हॉल्वरे होती. स्वारीत दोघेही एकमेकांच्या कमरेकडे पाहत चालले होते.

असो. आता मी पुन्हा माळावर येतो.

वाद लांबत चालला होता. हंसेच्या नाकपुड्या फुललेल्या होत्या. मामा तिच्या कानामागे खाजवीत होते. त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे पाहण्यासाठी.

“लिंगोजी, ही काडतुसं तूच भरलीस न्हवं?”

“होय, मामा.”

“दोघांची बी?”

“दोघांचीही.”

“मग खात्रीची हाईत ना? अर्धवट न्हाई ना व्हायचं? तिला दुसऱ्यांदा न्हाई ना मारायला लागायचं?”

“खात्रीची आहेत, मामा,” मी म्हणालो. माझ्या कामाविषयी इतका खरा आणि इतका कठीण शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

“मग बास,” मामा म्हणाले आणि त्या दोघांकडे वळले. “साहेब, तुमची मापं ऱ्हाऊ द्या. कुनीबी मारा, पर मारा. ती आईकतीया सगळं.”

दोघेही जरासे ओशाळले. फौजदारांनी मोठ्या मनाने हात पुढे केला. “वयानं तुम्ही वडील, रिसालदार. आधी तुम्ही. पंचेचाळीसनं भागलं नाही तर मी आहेच.”

“भागणार नाही असं होणारच नाही.”

रिसालदारांनी मुंडाशाचा शेव मागे टाकला, गुडघा टेकला आणि नळी हंसेच्या कपाळाशी नेली. मामांनी आपले डोळे मिटले आणि तळहाताने तिचा डोळा झाकला. मी चुन्याच्या चराकडे पाहत राहिलो.

टक्.

हंसेचा कान उभा राहिला. तिने मस्तक किंचित उचलले.

रिसालदारांनी पुन्हा चाप ओढला. टक्. पुन्हा टक्. प्रत्येक टक्‌ला ती मान उचले आणि पुढचे पाय मातीत रोवी. मामा तिला पुन्हा मांडीवर घेत. चक्र पुरे फिरून झाले. रिसालदारांचा चेहरा मुंडाशासारखाच तांबडा झाला होता.

“सोहळा झाला?” फौजदार म्हणाले. “आता व्हा बाजूला. सोनबा, धर तिला. अडतीस बोलेल आता.”

अडतीस बोलली, पण तिलाही तेवढाच एक शब्द येत होता. टक्. टक्. टक्.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

“फुसकी!” रिसालदार गरजले. “सगळीच्या सगळी फुसकी! लिंगोजी, माती भरलीस काय रे पुंगळ्यांत?”

“सरकारनं पगार कशाचा द्यायचा याला?” फौजदार म्हणाले. “पुस्तकं वाचण्याचा?”

ती मी भरली होती, आणि ती उडाली नव्हती. मामांनी मजकडे पाहिले, आणि ते पाहणे त्या दोघांच्या ओरडण्याहून मला जड गेले.

“उभा काय राहिलास?” रिसालदार म्हणाले. “पळ सिलेखान्यात. ताजं भरून आण.”

“कोणते आणू, साहेब?”

“पंचेचाळीस!”

“अडतीस!” फौजदार त्याच दमात म्हणाले.

“मी आधी हुकूम केला.”

“हुकूम? सिलेखाना काय तुमच्या रिसाल्यात आहे?”

“जा रं बाबा,” मामा म्हणाले. “दोन्ही आन. पर नीट भर. तिला आनखी वाट बघाया लावू नगं.”

मी धावलो. सिलेखाना उघडला, खिडकी उघडली, आणि बसलो. पुंगळ्यांच्या बुडातील टोपीची घरे मी काडीला कापड गुंडाळून पुसली. टोपी बसवून तिच्यावरून बोट फिरवून पाहिले. दारू तोलली, ओतून काढली, पुन्हा तोलली. ज्या जनावराने माझ्या लहानपणी माझ्या टोपीतील हरभरे खाल्ले होते, त्यास वेदना होऊ नये म्हणून मी जे करू शकत होतो, ते एवढेच होते. ती दोन काडतुसे मी अशी भरली, की त्यांहून निर्दोष काम माझ्या हातून त्यापूर्वी झाले नव्हते आणि पुढेही झाले नाही. त्यांना रुमालात बांधून मी माळाकडे परत धावत सुटलो.

माळावर पोहोचलो तेव्हा हंसा उभी होती.

मागचा पाय तिने अलगद टेकला होता, अंगाला माती लागली होती, आणि मामांनी पसरलेल्या पागोट्यातील आपट्याचे सोने ती स्वस्थपणे खात होती. मामा तिच्या मानेला मिठी मारून काही बोलत होते. ते मला ऐकू आले नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतेच. जरा दूर दोघे अधिकारी उभे होते.

“मी चाचपलं तेव्हाच म्हणालो,” रिसालदार सांगत होते, “पाय मोडलेला नाही. लचकलाय.”

“मीच म्हणालो ते,” फौजदार म्हणाले. “शिरेवर शीर चढली, असं माझं पहिलं वाक्य होतं.”

अशा रीतीने त्या दिवशी त्यांचे दुसऱ्यांदा एकमत झाले.

“उठली कशी, मामा?” मी विचारले.

“तुला ठावं हाय न्हवं, सकाळी मी तिला कसा उठवतो?” मामांनी जीभ टाळूला लावून आवाज केला. टक्, टक्. हंसेने खाणे सोडून मान वर केली. “ह्यांची पिस्तुलं वाजाया लागली, आन् हिला वाटलं मीच उठवतोया. दरखेपी उठाया बघायची, आन् मीच येड्यावानी तिला खाली दाबायचो. तू गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मग मांडी काढली, बाजूला झालो, आन् मी बी जिभेनं केलं. दोनदा धडपडली, तिसऱ्यांदा उठली.”

त्यामुळे घोडी वाचली, पण माझी सुटका झाली नाही. दुसऱ्या दिवशी सरकारांसमोर चौकशी झाली. संस्थानच्या दोन थोर अधिकाऱ्यांची शस्त्रे भर माळावर मुकी राहिली, याचा जाब कोणी तरी देणे अवश्य होते. मी रात्री ती न उडालेली काडतुसे उकलून पाहिली होती. दरबारात मी एका तबकात पंचेचाळीसची आणि दुसऱ्यात अडतिसाची ठेवून पुढे गेलो.

“सरकार,” मी म्हणालो, “पंचेचाळीसच्या टोप्या तेलाने चिंब आहेत. आत दारूचा चिखल झाला आहे, आणि त्यास शेंदराचा रंग आहे. अडतिसाच्या टोप्यांना अत्तराचा वास येतो. टोपी भिजली म्हणजे ठिणगी देत नाही.”

सरकारांनी एक काडतूस नाकाशी नेले. “रिसालदार, हे काय?”

“देवीच्या पायांशी तेलाची वाटी होती, सरकार,” रिसालदार ताठ उभे राहून म्हणाले. “तलवारीला तेल लावतात, मग काडतुसानंच काय पाप केलं? नऊ दिवस वाटीत बुडवून ठेवली होती.”

“आणि फौजदार?”

“पिराला अत्तर चढतं, सरकार. रिसालदारांनी तेलात ठेवली हे मला कळलं. मग मी काही कमी करायचं? अत्तराच्या फायात गुंडाळून ठेवली. कनोजचं अत्तर होतं.”

मला वाटले, आता सत्य सूर्याप्रमाणे स्वच्छ झाले. परंतु प्रथम रिसालदारच पुढे सरसावले.

“सरकार, याचा अर्थ उघड आहे. देवीला घोडी मारायची नव्हती. म्हणून तिनं माझी काडतुसं आपल्या तेलात राखली.”

“पिरालाही नव्हती,” फौजदार तत्काळ म्हणाले.

सरकारांचा निकाल कारभाऱ्यांनी वाचून दाखविला. देवीच्या व पिराच्या कृपेने निशाणाची घोडी बचावली, सबब रिसालदार व फौजदार यांस एकेक शेला. येथून पुढे दरवर्षी दोघांचीही काडतुसे याच रीतीने नऊ दिवस ठेवावीत. सिलेखान्याकडील लिंगोजी काटवटे यास समज द्यावी, की भरणीच्या कामी हयगय करू नये.

तेव्हापासून गावात माझे नाव ‘फुसक्या लिंगोजी’ पडले. ओट्यावरचा वाद मात्र थांबला नाही. त्याने केवळ नवे वळण घेतले. घोडी नेमकी कोणाच्या टक्‌ने उठली, हा आता प्रश्न होता.

“पंचेचाळीसचा टक् भारदस्त असतो, मियाँ. जनावराला पोचतो.”

“भारदस्त असतो, म्हणूनच ती घाबरून आडवी राहिली. उठली ती अडतिसाच्या बारीक टक्‌नं. सोनबाची जीभ ऐका, हुबेहूब अडतीस!”

“लिंगोजी, खरं सांग, सोनबाचा टक् कुणासारखा?”

मी पुंगळ्या उचलून आत निघून जाई. मला त्या पाजी नावाचे दुःख होते, आणि मामा माझी बाजू घेत तेव्हा ते दुप्पट होई. “फुसक्या म्हना, काय बी म्हना,” ते पागेत सर्वांना सांगत, “फुसकी भरली म्हनून तर घोडी जित्ती हाय. पुन्य लागलं माझ्या भाच्याला.” ती फुसकी नव्हती, मामा, असे मी कितीदा म्हणालो. ते पाठीवर हात ठेवीत आणि म्हणत, “असू दे रं. मी कुटं रागावलोय?” हंसेसाठी भरलेली ती दोन काडतुसे मी सिलेखान्याच्या कपाटात रुमालासकट जपून ठेवली होती. ती उडतील, हे मी जाणत होतो; परंतु जगात ते जाणणारा मी एकटाच होतो.

पुढे संस्थाने विलीन झाली. आमच्या सिलेखान्यातील शस्त्रांचा ताबा घेण्यास एक तरुण अधिकारी आला. रिसालदार त्या वेळी अंथरुणाला खिळले होते आणि फौजदार रोज त्यांच्या उशाशी बसून त्यांना अडतिसाचे गुण ऐकवीत होते. अधिकाऱ्याने कपाटातील रुमाल सोडला.

“ही कुणी भरली?”

“मीच.”

“उडतात का?”

मागे उभ्या असलेल्या शिपायांपैकी कोणी तरी खुदकन हसले.

“उडतात,” मी म्हणालो.

अंगणात वाळूची पोती रचली. अधिकाऱ्याने प्रथम पंचेचाळीस झाडली आणि मागाहून अडतीस. दोन्ही पहिल्याच टोल्यास उडाली. पिंपळावरचे पक्षी उठले. शिपाई हसावयाचे थांबले. अधिकारी वाळूतील भोके पाहून म्हणाला, “उत्तम भरणी आहे. कुठं शिकलात?” त्यास मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही, कारण मी पागेकडे धावत सुटलो होतो. इतक्या वर्षांचा माझा कलंक धुतला गेला होता, आणि हे ज्यांना प्रथम सांगावे असा एकच मनुष्य मला होता.

मामा हंसेला खरारा करीत होते. ती म्हातारी झाली होती. पाठ खाली बसली होती, आणि मामाही तिच्याइतकेच वाकले होते.

“मामा!” मी दारातूनच ओरडलो. “दोन्ही उडाली! पहिल्याच टोल्याला!”

“काय उडालं?”

“त्या दसऱ्याला मी ताजी भरून आणली होती ती. हंसेसाठी. पंचेचाळीसही आणि अडतीसही. साहेब स्वतः म्हणाला, उत्तम भरणी. मी सांगत नव्हतो, माझी काडतुसे खात्रीची आहेत म्हणून?”

मामांचा हात खराऱ्यावर थांबला. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले. मग ते हंसेच्या मस्तकाशी गेले आणि तिचे दोन्ही कान त्यांनी आपल्या तळव्यांत झाकून घेतले.

“लई चांगलं काम केलंस, बाळा,” ते हळूच म्हणाले. “पर हे तिच्या म्होरं पुन्यांदा बोलू नगंस.”